चॅनल सेटिंगची हिऱ्याची अंगठी घेताय? आधी हे वाचा

माझी धाकटी बहीण नर्स आहे. दिवसभर हातमोजे घालायचे-काढायचे, त्यात प्रॉंगची, म्हणजे खडा वर आलेल्या बारीक नख्यांनी पकडलेली अंगठी अडकते. म्हणून तिच्या लग्नात आईने चॅनल सेटिंगची अंगठी घ्यायचं ठरवलं. यात सोन्याच्या दोन समांतर भिंतींना आतून खाच पाडून हिरे ओळीने बसवतात, वर काही टोचत नाही. निवड अगदी योग्य होती. नागपूरच्या इतवारी सराफ्यातल्या दुकानदाराने मात्र त्याच सेटिंगचा फायदा घेतला.

चॅनलमध्ये हिऱ्याची कड धातूखाली दबलेली असते आणि दिसतो फक्त वरचा भाग. आमच्या अंगठीची मागची बाजूही पत्र्याने बंद होती. "मजबुतीसाठी असते ताई," असं उत्तर मिळालं. अकरा खडे, एकूण 0.55 कॅरेट, असं तोंडी सांगितलं. आमच्यासमोर टेस्टर, म्हणजे हिरा खरा असेल तर बीप वाजवणारं छोटं यंत्र लावलं, ते मधल्या तीन खड्यांना. तिन्ही वेळा बीप वाजला. बिलावर मात्र लिहिलं, "डायमंड रिंग, 1 नग".

माप मे महिन्यात घेतलं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात बोटं सुजतात, थंडीत अंगठी सैल झाली. "साईज आयुष्यभर फुकट" म्हणणाऱ्या त्याच दुकानाने ती दाबून लहान करून दिली. चॅनलची अंगठी अशी दाबली की भिंती वाकतात आणि खड्यांची पकड सुटते. गोल फिरून पूर्ण हिरे असतील तर साईज बदलणं जवळपास अशक्यच. महिनाभरात कडेचा एक खडा पडला.

तो बसवायला ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने भिंगातून पाहिलं, मग उरलेल्या प्रत्येक खड्याला टेस्टर लावला. मधले सात खरे, कडेचे तिन्ही अमेरिकन डायमंड, म्हणजे नकली! बहिणीचा चेहरा मला बघवेना. आईने वर्षानुवर्षं साठवलेले पैसे होते ते.

दुकानदार म्हणाला, "तुम्ही बाहेर उघडलीत, आता आमची जबाबदारी नाही." हॉलमार्क दाखवला तर म्हणे सोनं बरोबर आहे ना! सोनं बरोबरच होतं. 750 चा शिक्का म्हणजे 18 कॅरेट, आणि दागिन्यावरचा सहा अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, हॉलमार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अॅपवर जुळतो. पण हॉलमार्क फक्त धातूची शुद्धता सांगतो, खड्यांबद्दल एक अक्षरही नाही. लोकांना हे कोणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

म्हणून मागची बाजू उघडी असलेलीच अंगठी मागा. खड्यांची संख्या, एकूण कॅरेट आणि सोन्याचं निव्वळ वजन बिलावर लिहून घ्या. टेस्टर पहिल्यापासून शेवटच्या खड्यापर्यंत फिरवायला लावा. मॉयसनाईट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यावर साधा टेस्टर फसतो, तेव्हा रक्कम मोठी असेल तर प्रयोगशाळेचा रिपोर्टही मागा.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याही अंगठीचा खडा पडला असेल तर ती कोणाही कारागिराच्या हातात देण्याआधी वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि दुकानदाराला लेखी कळवा. "बाहेर खडे बदलले" हेच त्यांचं पहिलं उत्तर असतं.