एअर रायफल दुरुस्तीला दिली, आधीपेक्षा वाईट होऊन परत आली

स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल एअर रायफल आहे, ४.५ मिमी म्हणजे .१७७ ची, बरीच जुनी पण जिवापाड सांभाळलेली. हल्ली तिचा जोर कमी झालेला, १० मीटरवर छर्रे नेमाच्या खाली लागायचे, ग्रुप (म्हणजे टार्गेटवर छर्ऱ्यांची भोकं किती जवळ पडतात ते) पसरायला लागलेला आणि बॅरल खाली ओढून स्प्रिंग चढवताना आतून करकर ऐकू यायची. ब्रीच सील, म्हणजे बॅरलच्या जोडातून हवा जाऊ न देणारं सील, मी घरीच बघितलं होतं, बॅरलच्या जोडावर टिश्यूची पट्टी ठेवून फायर केलं तर पट्टी जागची हलली नाही, म्हणजे तिथून हवा जात नव्हती. मग राहिलं काय तर मेनस्प्रिंग आणि पिस्टनचं सील. हे काम घरी करायचं नाही हे मला पक्कं माहितीये, स्प्रिंग आत दाबलेली असते, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता उघडली तर मागचा ब्लॉक सुटून तोंडावर येतो. म्हणून दुकानात दिली, आणि स्प्रिंग नि सील बदला, बाकी कशाला हात लावू नका असं स्पष्ट सांगितलं.

काउंटरवर बोलायला माणसं चांगली आहेत, तेवढं खरं. पण सांगितलेल्या तारखेला मिळाली नाही, दर वेळी फोन मलाच करावा लागला, आणि मिळाली तेव्हा नक्की काय काम केलं ते कोणी धड सांगेना.

पहिलाच शॉट मारला तर फटाका फुटल्यासारखा आवाज, नळीतून धूर आणि जळक्या तेलाचा वास. सर्व्हिसिंगनंतर सुरुवातीचे थोडे शॉट जरा धूर येतो हे मान्य, दुकानदार पण तेच म्हणाला की वापरा, आपोआप सेट होईल. छर्ऱ्यांचा अख्खा डबा संपत आला तरी तेच चालू! कॉम्प्रेशन चेंबरमध्ये साधं पेट्रोलियम तेल किंवा ग्रीस गेलं की पिस्टन हवा दाबतो, ती हवा भयंकर तापते आणि तेलाची वाफ पेट घेते, याला डिझेलिंग म्हणतात. त्याने सील जळतं, स्प्रिंगवर नको तेवढा ताण येतो आणि नेम तर लागतच नाही कारण प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा. क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर लावून बघितलं, दोन शॉटचे आकडे एकमेकांच्या जवळपास पण नाहीत. एअर रायफल दुरुस्त करणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि त्याने दुकानात नुसते पाच शॉट मारून बघितले असते तरी आवाजावरूनच कळलं असतं. म्हणजे टेस्ट न करताच हातात दिली.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो ट्रिगरचा. मी काही सांगितलं नसताना ॲडजस्टमेंटचा स्क्रू फिरवलाय. आधी ट्रिगर दाबला की पहिला टप्पा, मग स्पष्ट अडकायचं, मग सुटायचं. आता टप्पाच नाही. रायफल चढवलेली होती, छर्रा भरलेला, आणि दस्ता टेबलावर जरासा टेकला तर सुटली, बोट ट्रिगरच्या जवळपास पण नव्हतं. नळी टार्गेटकडेच होती म्हणून निभावलं. रेंजवर शेजारी लहान पोरं शिकायला उभी असतात हो! ट्रिगर हलका केला तर ते सांगायचं, सांगायचं नसेल तर हात लावायचा नाही, यात दुसरं मत असूच शकत नाही.

दस्त्याच्या स्क्रूंच्या खाचा पार खाल्ल्यात, मापाचा स्क्रूड्रायव्हर घेतलेलाच नाही. स्कोपचे माउंट पण नीट आवळले नव्हते, आणि स्प्रिंगर रायफल आधी मागे नि मग पुढे असा दोन्हीकडे झटका देते, त्यात स्कोप सरकला.

जुने पार्ट मागितले तर म्हणे फेकून दिले. मग ओळखीच्या एका कारागिराकडे नेली, त्यांनी माझ्यासमोर कॉम्प्रेसर लावून उघडली. आत माझीच जुनी स्प्रिंग, मधे वाकलेली (करकर त्याचीच होती), सील पण तेच आणि कडेने जळालेलं, वर सगळीकडे साधं ग्रीस थापलेलं. बिल मात्र नवीन स्प्रिंग नि नवीन सीलचं. फोटो घेऊन दुकानात गेलो तर मालक म्हणाले बाहेर उघडल्यावर आमची गॅरंटी संपली. अहो पण जी स्प्रिंग टाकलीच नाही तिची कसली गॅरंटी?

पाचपैकी एक स्टार, तो पण द्यावाच लागतो म्हणून. तिथे काही द्यायचंच असेल तर जुने पार्ट परत पाहिजेत हे आधीच पावतीवर लिहून घ्या, आणि घेताना तिथेच क्रोनोग्राफवर शॉट मारून दाखवा म्हणा, नाही म्हणाले तर रायफल उचलून परत या. माझी आता त्या दुसऱ्या कारागिराकडे आहे, त्यांनी ट्रिगर आधी ठीक केला, स्प्रिंग यायची आहे. दुकानाकडे पार्टचे पैसे लेखी मागितलेत, अजून उत्तर नाही.