कुत्र्यासाठी टर्फ घेताय? आधी उलटं करून बघा

एका टर्फवाल्यानं (टर्फ म्हणजे प्लास्टिकचं नकली गवत) आम्हाला व्यवस्थित चुना लावलाय आणि त्याचा बोर्ड अजून रस्त्यावर झळकतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय. नाव देत नाही, तक्रार चालू आहे. पण तो फसवतो कसा ते सांगतो, कारण कोल्हापुरात आता बंगलेवाले, रो-हाऊसवाले सगळेच मागच्या परड्यात हे हिरवं टाकून घ्यायला लागलेत.

आर. के. नगरात आमचं घर, मागं वीस बाय वीस फुटांचं परडं. आधी साधी लॉन होती. पण आमची राणी, लॅब्राडोर, एकाच जागी बसून सू करणार, आणि त्यात नायट्रोजन एवढा असतो की गवत तिथं जळून पिवळं पडतंच. वर पावसाळ्यात चार महिने चिखल, तेच पाय घेऊन सोफ्यावर. बायको म्हणाली एकदाचं टर्फ टाकूया.

तो माणूस सँपलची पेटी घेऊन घरी आला, बोलायला एकदम गोड. "साहेब, पेट ग्रास म्हणतात ह्याला, ३५ एमएम, पीयू बॅकिंग, दहा वर्षं बघायचं नाही." (३५ एमएम ही पात्यांची उंची, आणि पीयू बॅकिंग म्हणजे पाती मागनं धरून ठेवणारा पॉलीयुरेथेनचा थर.) सँपल टीपॉयवर ठेवलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं, खालनं धारा लागल्या, फरशी ओली झाली तरी आम्ही खूश. माती काढून खडी, वर क्रशरची कच, धुम्मस करून ढाळ, वरून वास शोषणारा झिओलाईट, हे सगळं तोंडी. कोटेशनवर मात्र एकच ओळ, 'प्रीमियम पेट ग्रास फिटिंगसह'. डिटेल्स विचारल्यावर म्हणाला बिलात येतंय की सगळं. ते पक्कं बिल काय शेवटपर्यंत आलं नाही, व्हॉट्सॲपवर रकमेचा एक फोटो आला तेवढाच.

काम केलं ते आम्ही दोघंही ऑफिसला असताना. घरी फक्त आई. संध्याकाळी येऊन बघतोय तर परडं हिरवंगार, फोटो काढले, स्टेटसला टाकले. आई मात्र म्हणाली, "अरे खडीबिडी काय दिसली नाही बाबा मला, सतरंजी हातरल्यागत हातरलं आन् गेली पोरं." फोन केला तर गडी म्हणतो आजींना दिसलं नसंल, बेस आधीच मारलाय.

मग जून लागला. कोल्हापूरचा पाऊस काय तुम्हाला सांगायला नको. परड्यात तळं झालं आणि ते पाणी हलेनाच, आणि पाऊस जरा उघडला की अमोनियाचा असला भपकारा की मागचं दार उघडायची सोय नाही, शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं ड्रेनेज तुंबलंय का. राणीपण तिथं जाईना. शेवटी कोपऱ्यातनं टर्फ उचकटून बघितलं. खाली खडी नाही, कच नाही, आमचीच जुनी माती, तिचा राडा झालेला आणि त्यात लॉनची मुळं कुजलेली. टर्फच्या मागच्या बाजूला पाणी जायची भोकं नावाला, दीड-दोन फुटाला एखादं. पीयू कसलं, स्वस्तातलं लॅटेक्स, अंगठ्यानं घासलं की पांढरी भुकटी निघत होती. पोराच्या कंपासमधली पट्टी लावली तर पाती जेमतेम २५ एमएम.

एक बरं झालं, त्यानं दाखवलेला सँपलचा तुकडा राणीनं पळवून आपल्या गादीखाली ठेवलेला. तो आणि हा शेजारी ठेवले की शाळेतलं पोरगंपण सांगेल माल बदललाय.

मापातपण हात मारलाय. रोल असतो २ मीटर रुंद, म्हणजे साडेसहा फुटाच्या जरा वर. हे लोक तो ७ फूट धरतात. २५ मीटरचा अख्खा रोल ५३८ स्क्वेअर फूट भरतो, ह्यांच्या हिशोबात तो ५७४ होतो. आमच्याकडं वीस फुटांच्या तीन पट्ट्या, पैसे घेतले ४२० फुटांचे, टर्फ पडलं ३९४, आणि भिंतीकडंला चार इंचाची उघडी पट्टी राहिली ती वेगळीच. त्यावर उत्तर काय, "कुंड्या ठेवा की साहेब, शो येतो!"

झिओलाईटच्या नावाखाली जी 'स्पेशल पेट सँड' टाकली ती बांधकामाची क्रशर सँड. झिओलाईट अमोनिया धरून ठेवतो, म्हणून कोळंबीच्या तळ्यात आणि पोल्ट्रीतपण वापरतात, त्याचं छापील पोतं मिळतं. पोतं तुमच्यासमोर फोडायला लावा.

पण डोकं खरं फिरलं ते राणी हिरवे धागे ओकली तेव्हा. सांधा नुसत्या गमवर चिकटवलेला, खाली दोन पट्ट्या जोडायची सीमिंग टेप नाही, तो उकलला आणि तिनं धागे उपसून खाल्ले. डॉक्टर म्हणाले ओकली म्हणून निभावलं, आतड्यात गुंता झाला असता तर पोट उघडायला लागलं असतं.

तर कुणी घेत असाल तर सँपल विकत घेऊन सहीसकट स्वतःकडं ठेवा. रोल टेम्पोतनं उतरला की उलटा करून भोकं बघा, वर बादली ओता, पाती ओढून बघा. उंची, बॅकिंग, कंपनीचं नाव, खडीचा थर, सगळं जीएसटी बिलावर लिहून घ्या आणि खडी पडल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. 'उन्हात तापत नाही' म्हणाला तर तिथंच हाकला, भर उन्हात कुठलंही टर्फ ६० डिग्रीच्या वर जाऊ शकतं, कुत्र्याचे पंजे भाजतात. सावली किंवा पाण्याचा पाईप लागतोच.

आम्ही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. नोटीस मिळाल्यावर पठ्ठ्याचा फोन आला, वापरलेला माल परत घेत नाही म्हणे, पण वरून दोन पोती वाळू फुकट टाकून देतो.