हेन्ले की बेरेनरायटर? बीथोव्हनच्या सोनाटांचे खंड घेताना

पियानोवर बीथोव्हनची एखादी ‘पॅथेटिक’ किंवा ‘मूनलाइट’ सोनाटा वाजवायची असेल तर सुटी प्रत पुरते. बत्तीसच्या बत्तीस सोनाटा घरात आणायच्या ठरल्या की मात्र माणूस अडतो. ही खरेदी बहुधा एकदाच होते आणि पुढची कित्येक वर्षं आपली पेन्सिल त्याच पानांवर फिरते. मी हा निर्णय दोन वर्षांपूर्वी घेतला. त्याआधी हेन्लेचे निळे खंड आणि बेरेनरायटरचे तीन खंड (दोघेही जर्मन प्रकाशक) उसने आणून काही महिने आलटूनपालटून वाजवले होते.

दोन्ही ‘उर्टेक्स्ट’, म्हणजे संगीतकाराच्या मूळ पाठाशी प्रामाणिक राहू पाहणाऱ्या आवृत्त्या. उपलब्ध हस्तलिखितं आणि पहिल्या छापील प्रती पडताळूनच दोन्ही आवृत्त्या सिद्ध झाल्या आहेत. हेन्लेची जुनी दोन खंडांची आवृत्ती बेर्टा वाल्नर यांची, १९५०च्या दशकातली, फिंगरिंग (कुठला स्वर कुठल्या बोटाने, ते सांगणारे आकडे) कॉनराड हान्सेन यांचं. नव्या आवृत्तीत नॉर्बर्ट गेर्च आणि पियानिस्ट मरे पेराया आहेत. बेरेनरायटरचे खंड जोनाथन डेल मार यांचे. कागद, बांधणी आणि छपाई दोन्हींची उत्तम, त्यावर निवड करायची गरज नाही. वाजवताना जाणवावेत असे स्वरांचे फरकही मला फार थोडे आढळले. जिथे खरा वाद आहे तिथे तुम्हाला संपादकाच्या टिपा वाचाव्याच लागतात. ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाटाच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये मूळ थीम परत येण्याच्या जरा आधी ए शार्प (अर्धा स्वर वर) वाजवायचा की साधा ए नॅचरल? छापलेलं वाचलं तर शार्प. पण बीथोव्हन नॅचरलची खूण लिहायला विसरला असं मानणारेही तितकेच जाणकार आहेत. असे प्रश्न आवृत्ती बदलून सुटत नाहीत.

माझ्यासाठी निकाल लागला तो स्वरांवर छापलेल्या बोटांच्या आकड्यांनी.

ओपस ११० शिकायला घेतली तेव्हा माझ्याकडे तिसरीच एक जुनी प्रत होती. तिच्यात सगळे आकडे एकाच टाइपात छापलेले. या सोनाटाच्या अडाजिओत, म्हणजे संथ भागात, सुरुवातीच्या रेसिटेटिव्हमध्ये (बोलल्यासारख्या तुकड्यात), एकच ‘ए’ पुन्हा पुन्हा येतो, जोडीजोडीने टायने बांधलेला, आणि त्यावर ४-३, ४-३ असं फिंगरिंग, म्हणजे आधी चौथं बोट, मग तिसरं. टाय असेल तर दुसरा स्वर नव्याने वाजवायचा नसतो, मग बोट कशाला बदलायचं? संपादकाची सवय असेल असं धरून मी ते आकडे सोडून दिले आणि स्वर एकाच बोटाने धरून वाजवत राहिलो. चार महिने. मग टीचरना ऐकवलं.

“अरे, ते चार-तीन कुठे गेलं?”

“ते एडिटरचं आहे ना, मिस?”

“नाही रे बाबा. ते बीथोव्हननं लिहिलंय.”

त्यांनी स्वतः वाजवून दाखवलं. चौथं बोट पट्टीवर, मग पट्टी पूर्ण वर येऊ न देता तिसरं, आणि दुसरा स्वर श्वासाइतका हलका. तो ऐकू यावा की नुसता बोटाला जाणवावा यावर पियानिस्टांचं आजही एकमत नाही, पण तिथे काहीतरी घडायला हवं हे नक्की. चार महिने मी त्या ओळीतून तेच काढून टाकलं होतं.

बीथोव्हनने सोनाटांमध्ये बोटांचे आकडे क्वचितच लिहिले. म्हणून जिथे लिहिले तिथे थांबून बघावं लागतं. ओपस २ क्रमांक २ च्या पहिल्या मूव्हमेंटमधले ते कुप्रसिद्ध ट्रिपलेट (तीन-तीन स्वरांचे गट) आठवा. आजच्या जड पट्ट्यांवर ते दोन्ही हातांत वाटून घ्यायचा मोह होतो. बीथोव्हनचे आकडे पाहिले की कळतं, त्याला ते एकाच हाताने हवे होते. पुढे तुम्ही वाटून घ्यालही, पण काय सोडतोय हे माहीत असून. गाण्याच्या वहीत बंदिश आणि गुरुजींनी घातलेली जागा एकाच शाईत उतरवलेली असली तर शिकणाऱ्याला जे होईल, ते माझं झालं. जागा सुरेख असेल, पण ती कुणाची हे कळायला हवं.

हेन्ले हा फरक प्रामाणिकपणे दाखवते. बीथोव्हनचे स्वतःचे आकडे तिथे तिरक्या टाइपात असतात. बेरेनरायटरच्या खंडांत संपादकाचं फिंगरिंगच नाही. पानावर आकडा दिसला की तो बीथोव्हनचा. मला यानेच मोठी शांतता मिळाली. शिवाय माझा हात लहान आहे, जेमतेम आठ स्वर गाठतो, आणि छापलेला आकडा दिसला की डोळे तो ऐकतात, हात नाही म्हणत असला तरी. छापील फिंगरिंगच्या कुठल्याही प्रतीत माझं हे होणारच.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. टीचर दर आठवड्याला भेटत नसतील, तर रिकामं पान तुम्हाला अडवेल. ओपस ११०च्याच फ्यूगमध्ये (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते त्या भागात) उजव्या हातात दोन आवाज एकदम चालवताना मी पाच-सहा ठिकाणी हेन्लेतलं फिंगरिंग पेन्सिलीने माझ्या प्रतीत उतरवून घेतलं. ते कसलेल्या पियानिस्टाच्या हाताचं आहे, मला एवढ्यात सुचलं नसतं. एकट्याने शिकणाऱ्याला मी हेन्लेच सांगेन, तीही पेराया यांच्या फिंगरिंगची नवी.

बॅरी कूपर यांची, एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची आवृत्तीही चाळा. तिच्यात ३५ सोनाटा आहेत, कारण बीथोव्हनने बाराव्या वर्षाच्या सुमारास लिहिलेल्या तीनही त्यांनी धरल्या आहेत, आणि टिपा वाचायला फार आनंद वाटतो. बजेट कमी असेल तर संगीतशास्त्रज्ञ हाइनरिख शेंकर यांच्या १९२०च्या दशकातल्या आवृत्तीचं डोव्हर या प्रकाशकाने केलेलं पुनर्मुद्रण घ्या. फिंगरिंग शेंकर यांचं स्वतःचं, विचारपूर्वक केलेलं. नंतरचं संशोधन त्यात अर्थातच नाही.

तरीही ठरत नसेल तर मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज या संगीताच्या दुकानात, किंवा ज्यांच्याकडे हे खंड असतील त्यांच्या घरी जा, आणि दोन्हींत ओपस ११०च्या अडाजिओचं पान उघडा. ते चार-तीन कुणाचं हे कुणी न सांगता तुम्हाला ज्या प्रतीत आधी कळेल, ती घ्या. टीचरनी सांगितलं नसतं, तर मला ते बेरेनरायटरमध्ये आधी कळलं असतं.