संस्था की प्रांताची खुर्ची?

नेदरलँड्समध्ये निसर्गासाठी काम करायचं तर दोन वाटा आहेत: संरक्षण संस्था किंवा प्रांताचं राजकारण.

संस्थेची वाट सरळ. अ‍ॅमस्टरडॅमला शहराचा कचरा नार्डरमेर तळ्यात टाकायचा होता. त्यातून 1905 मध्ये 'नातूरमोन्युमेंटन' ही निसर्ग संरक्षण संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिने तळंच विकत घेतलं. सातबारा आपल्या नावावर, विषय संपला!

प्रांतात असं नसतं. 12 प्रांतांपैकी प्रत्येकाची सभा दर 4 वर्षांनी निवडून येते. निसर्गाचं बरंचसं धोरण आता तिथेच ठरतं, म्हणजे अधिकार मोठा, पण शिव्याही तितक्याच.

फ्लेवोलँड प्रांतातलं ओस्टफार्डर्सप्लासन हे पाणथळ राखीव क्षेत्र घ्या. कुंपणाआतली गुरं, घोडे आणि हरणं, निसर्गाच्या भरवशावर सोडलेली. 2017-18 च्या हिवाळ्यात हजारो जनावरं गेली. बहुतेकांना उपासमारीने मरण्याआधी गोळी घातली होती. संतापलेले लोक कुंपणावरून गवताचे भारे आत फेकत होते. जमीन सांभाळणारं सरकारी वनखातं, पण निर्णय प्रांताच्या गळ्यात. शेवटी माजी पर्यावरण राज्यमंत्री पीटर फान खेल यांच्या समितीच्या सल्ल्यावरून 2018 मध्ये प्रांताने जनावरांची संख्या कमी करायचं ठरवलं. दोन्हीकडून बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

शिवाय मतदार. मार्च 2023 मध्ये शेतीतून होणारं नायट्रोजनचं प्रदूषण कमी करण्याच्या नियमांवर चिडलेल्या ग्रामीण मतदारांच्या जोरावर शेतकरी-नागरिक चळवळ हा नवा पक्ष बाराही प्रांतांत पहिला आला.

मला विचाराल तर तरुणपणी संस्था, चाळिशीनंतर प्रांत. उलटं केलं तर चिखलात बूट बुडवायचे राहूनच जातात.