‘डेफकॉन’ की ‘फर्स्ट स्ट्राइक’? अणुयुद्धावरच्या दोन खेळांची तुलना

अणुयुद्धावर आधारलेला, पण फापटपसारा नसलेला व्यूहात्मक व्हिडिओ गेम शोधणाऱ्याची निवड बहुधा दोन नावांवर येऊन थांबते. त्यातला पहिला म्हणजे ब्रिटनच्या इंट्रोव्हर्जन सॉफ्टवेअरने २००६ साली आणलेला ‘डेफकॉन’ आणि दुसरा म्हणजे झुरिकच्या ब्लाइंडफ्लुग स्टुडिओजने २०१४ मध्ये प्रथम मोबाइलवर आणलेला आणि पुढे संगणकासाठी वाढवलेला ‘फर्स्ट स्ट्राइक’. जगाचा नकाशा, मोजकी चिन्हे आणि क्षेपणास्त्रांचे मार्ग दाखवणाऱ्या रेषा यांपलीकडे दोन्हींत फारसे काही दिसत नाही, त्यामुळे चित्रे पाहून निवड करणे कठीण जाते. माझ्या मते निर्णय एकाच गोष्टीवर व्हावा: तुमच्यासोबत खेळायला माणसे आहेत की नाहीत.

‘डेफकॉन’मध्ये जग सहा भागांत विभागलेले असते. उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, युरोप, रशिया, आफ्रिका किंवा आशिया यांपैकी एक भाग खेळाडूकडे येतो आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येकाला सारखीच लोकसंख्या आणि सारखीच शस्त्रे मिळतात. खेळाचे नाव अमेरिकी सैन्याच्या युद्धसज्जतेच्या पाच पातळ्यांवरून आले आहे; त्यांत पाचवी सर्वांत शांततेची आणि पहिली सर्वांत गंभीर. डाव पाचव्या पातळीवर सुरू होतो आणि कोणी चिथावणी देवो वा न देवो, घड्याळाबरोबर पातळी उतरत जाते. आरंभी रडार, विमानतळ, भूमिगत क्षेपणास्त्र तळ आणि आरमार यांची मांडणी करायची, तिसऱ्या पातळीवर नौदल आणि विमानांच्या चकमकी सुरू होतात, आणि पहिल्या पातळीवर अण्वस्त्रांना मोकळीक मिळते. मांडणीनंतर नवे काही बांधता येत नाही, बुडालेले जहाज परत येत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काही मिनिटांत रडार किनाऱ्यापासून किती आत ठेवले, हा निर्णय डावाच्या अखेरपर्यंत पिच्छा पुरवतो.

या खेळाचा प्राण त्या भूमिगत तळांत आहे. तळ संरक्षणाच्या स्थितीत असेपर्यंत येणारी विमाने आणि क्षेपणास्त्रे पाडतो. हल्ल्याच्या स्थितीत नेला की ते काम थांबते, बदलाला वेळ लागतो आणि पहिले क्षेपणास्त्र सुटताच त्या तळाचे ठिकाण सर्वांच्या नकाशावर उघडे पडते. म्हणजे जो आधी मारा करतो तो स्वतःचे छत्र स्वतःच काढून घेतो, आणि जो फार वेळ थांबतो त्याचे तळ न वापरलेल्या क्षेपणास्त्रांसह नष्ट होण्याची भीती असते. सहा खेळाडू आपापले तळ राखून एकमेकांची वाट पाहत असतात, तेव्हा पडद्यावर जवळजवळ काहीच घडत नाही. तरीही इतका ताण मला दुसऱ्या कोणत्याही व्यूहात्मक खेळात जाणवलेला नाही. शिवाय मित्रपक्षांना एकमेकांचे रडार दिसते आणि युती केव्हाही मोडता येते, त्यामुळे शेजारच्याचे मौन हीसुद्धा दखल घेण्याजोगी चाल ठरते. एखादे शहर उद्ध्वस्त झाले की त्याचे नाव आणि मृतांचा आकडा एका ओळीत उमटतो. आक्रोश नाही, ढिगारा नाही. त्या कोरड्या ओळीनेच विषयाचे गांभीर्य राखले आहे.

मात्र हे सारे माणसांवर अवलंबून आहे. संगणकाविरुद्ध खेळताना विश्वासघाताचा भाग गळून पडतो आणि मग मांडणी आणि वेळ साधण्याचा सराव तेवढा उरतो.

‘फर्स्ट स्ट्राइक’ मुळातच एकट्याने खेळण्यासाठी घडवलेला आहे आणि तिथे तो सरस ठरतो. फिरत्या पृथ्वीगोलावर तुम्ही एक अण्वस्त्रधारी सत्ता चालवता. प्रत्येक प्रदेश एका वेळी एकच काम करू शकतो: क्षेपणास्त्र बनवणे, संशोधन करणे, शेजारचा प्रदेश ताब्यात घेणे किंवा मारा करणे. संशोधनात गुंतलेला प्रदेश त्या काळात असहाय असतो. येणारे क्षेपणास्त्र पाडण्यासाठीही साठ्यातलेच क्षेपणास्त्र खर्च करावे लागते, त्यामुळे एखाद्या सत्तेने दुसरीवर सर्व शक्तीनिशी हल्ला केला की ती स्वतः रिकामी होते, आणि नेमका तोच क्षण तिसऱ्याने हेरायचा असतो. उत्तर कोरियासारख्या छोट्या देशापासून सुरुवात केली, तर हे गणित फार लवकर आणि फार कठोरपणे कळते.

हल्ला केल्याने स्वतः उघडे पडणे हे तत्त्व दोन्ही खेळांत समान असले, तरी त्याचा परिणाम वेगळा होतो. ‘फर्स्ट स्ट्राइक’मध्ये शस्त्रे पुन्हा बनवता येतात, प्रदेश वाढवता येतो, नवे तंत्रज्ञान मिळते, साहजिकच खेळाडू प्रगतीच्या भाषेत विचार करू लागतो आणि क्षेपणास्त्र हे हळूहळू केवळ चलन होऊन बसते. मला ही त्याची खरी उणीव वाटते. ‘डेफकॉन’मध्ये वाढ नाहीच, फक्त घट आहे, आणि अणुयुद्धाशी तेच अधिक प्रामाणिक आहे.

युद्ध टाळणे हाच ज्यांच्या कुतूहलाचा विषय आहे, त्यांनी मात्र या दोन्हींकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्यांच्यासाठी ख्रिस क्रॉफर्ड यांचा १९८५ चा ‘बॅलन्स ऑफ पॉवर’ आहे. त्यात अमेरिका किंवा सोव्हिएत संघाच्या बाजूने आठ वर्षे प्रतिष्ठा राखायची असते, आणि अणुयुद्ध पेटले की अपयशाला बक्षीस मिळत नाही असे सांगून, स्फोटाचे कोणतेही दृश्य न दाखवता डाव संपवला जातो. मूळ मॅकिन्टॉशसाठी लिहिलेला हा खेळ आज चालवायला खटपट करावी लागते आणि तो बव्हंशी वाचण्याचाच आहे. चिकाटी असेल तरच त्याच्या वाटेला जावे.

वेळेचा विचार करता, मधल्या फावल्या वेळात मोबाइलवर खेळायचे असेल तर ‘फर्स्ट स्ट्राइक’ घ्यावा. ‘डेफकॉन’चा वेग सर्वांत सावकाश खेळू इच्छिणाऱ्यावर ठरतो, म्हणून सलग वेळ काढूनच बसावे लागते, शिवाय सहा तासांपर्यंत पार्श्वभूमीला चालणारा, कार्यालयासाठी म्हणून दिलेला एक प्रकारही त्यात आहे. ‘डेफकॉन’ निवडल्यास पहिला डाव दोघांतच खेळावा आणि गुणपद्धत आधी ठरवून घ्यावी. नेहमीच्या पद्धतीत शत्रूच्या दर दहा लाख मृतांमागे दोन गुण मिळतात आणि आपल्या दर दहा लाखांमागे एक गुण जातो, त्यामुळे खेळ आक्रमणाकडे झुकतो. केवळ वाचलेल्यांचे गुण मोजणारी पद्धत घेतली, तर तेच तळ आणि तीच जहाजे अगदी वेगळ्या ठिकाणी मांडावी लागतात.