ग्नूकॅश: पासबुकाशी ताळा जमवणारं सॉफ्टवेअर, वापरानंतरचा अनुभव

घरखर्चाची बरीचशी मोबाइल ॲप्स बँकेचे एसएमएस वाचून महिन्याचा रंगीत आलेख काढून देतात. पासबुकातली शिल्लक आणि आपल्या हिशेबातली शिल्लक जुळत का नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. ग्नूकॅश घेतलं ते त्यासाठी, आणि तेवढं काम ते चोख करतं. फुकट, मुक्तस्रोत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालणारं. दिसायला जुनाट आहे आणि पहिला महिना डोकं खातं.

कारण इथे प्रत्येक नोंद दोन खात्यांत पडते. वाण्याला ८४० रुपये यूपीआयने दिले की बचत खातं तेवढ्याने उतरतं, 'किराणा' चढतो. ज्यांनी कधी जमा-नावे लिहिलंय त्यांना यात नवं काही नाही. बाकीचे अडतात ते खर्च कशाला म्हणायचं इथे. एटीएममधून काढलेले ५,००० खर्च नव्हेत, ते बँकेतून 'रोख' खात्यात गेले. क्रेडिट कार्डाचं बिल भरणं हाही खर्च नव्हे. खर्च कार्ड वापरलं त्या दिवशीच लिहून झाला, बिलही खर्चात धरलं तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. भिशीचा हप्ता मालमत्तेत टाकायचा. भिशी लवकर लागली तर ते खातं उणे दिसेल, आणि ते बरोबरच आहे, कारण पुढचे हप्ते देणं बाकी आहेत. गृहकर्जाच्या हप्त्याला 'स्प्लिट' करून मुद्दल आणि व्याज वेगळं लिहायचं. स्प्लिट अर्धवट राहिला तर उरलेली रक्कम 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाच्या खात्यात जाऊन बसते. त्या खात्यात शून्याखेरीज काहीही दिसलं की आधी ते निस्तरावं.

आता मुख्य गोष्ट: 'रिकन्साइल', म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा जमवणं. खातं उघडून ॲक्शन्स मेनूतून ही खिडकी काढायची, स्टेटमेंटची तारीख आणि अखेरची शिल्लक भरायची. एका बाजूला आलेले पैसे, दुसऱ्या बाजूला गेलेले. स्टेटमेंटवर असलेल्या नोंदींवर खूण करत जायचं. खाली 'डिफरन्स' शून्य झाला की संपलं. खूण न झालेला चेक म्हणजे अजून न वटलेला. तो पुढच्या महिन्यात दिसेल, पण चेकची मुदत तारखेपासून ३ महिने, तेव्हा त्याआधी ज्याला दिला त्याला विचारलेलं बरं.

फरक शून्य होत नसेल तर आधी तो आकडा नीट बघा. १७.७० असेल तर बहुधा एसएमएसचे १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल तपासा: ५४० च्या जागी ४५० लिहिलं की फरक बरोबर ९०. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती उलट्या बाजूला पडलेली असू शकते. आणि सुरुवातीचीच शिल्लक स्टेटमेंटशी जुळत नसेल, तर आधी जुळवलेली एखादी नोंद नंतर कुणीतरी बदललीय किंवा पुसलीय. अशी नोंद बदलताना सॉफ्टवेअर बजावतं, पण घाईत 'हो' दाबलं जातं. हा दोष सर्वांत वेळखाऊ.

बँकेचं स्टेटमेंट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून आत घेता येतं. वरच्या नाव-पत्त्याच्या ओळी वगळायला सांगायचं आणि तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा निवडायचा. तो चुकला तर ५ जूनचा व्यवहार ६ मे रोजी जाऊन पडतो. कोणती नोंद कुठल्या खात्यात टाकली हे ते हळूहळू शिकतं, त्यामुळे वीजबिल किंवा दूधवाला दोन-तीन महिन्यांत आपोआप ओळखला जातो. यूपीआयच्या लांबलचक संदर्भ क्रमांकांपुढे मात्र ते गडबडतं, तिथे हातानेच खातं निवडावं लागतं.

हिशेबाचं वर्ष मूळ सेटिंगमध्ये जानेवारीपासून असतं; प्रेफरन्सेसमध्ये १ एप्रिल करून टाका, प्राप्तिकराच्या वेळी व्याजाचा आकडा एका अहवालात मिळतो.

फाइलला पासवर्ड लावायची सोय नाही, त्यामुळे ती कूटबद्ध (एन्क्रिप्टेड, पासवर्डशिवाय न उघडणाऱ्या) फोल्डरमध्येच ठेवावी. नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी दोन लॅपटॉपवर ती उघडू नये. 'फाइल लॉक आहे' असा इशारा आला तर 'तरीही उघडा' दाबण्याआधी दुसरीकडे ती खरंच बंद आहे का, हे पाहून घ्यावं.