मूतखडा अडकलाय: औषधावर थांबायचं की दुर्बिणीने काढायचा?

जत, आटपाडी, माण, खटाव हे सांगली-साताऱ्याचे दुष्काळी तालुके. उन्हात दिवसभर राबणाऱ्या आणि पाणी कमी पडणाऱ्या माणसांना मूतखडा नवा नाही. खडा मूत्रवाहिनीत अडकला की कुशीतून जांघेकडे जीवघेणी कळ, उलट्या, कधी लाल लघवी. मग घरात वाद सुरू होतो.

थांबायचं म्हटलं, तर ५ मिमीपेक्षा लहान खडा बहुतेकदा आपोआप पडतो. त्याहून थोडा मोठा, पण मूत्राशयाजवळ असेल तर मूत्रवाहिनी सैल करणाऱ्या टॅमसुलोसिन या औषधाची मदत होते. भूल नाही, खर्च कमी. पण ४ ते ६ आठवड्यांपलीकडे थांबू नये. मला खरी भीती इथेच वाटते: कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही. वाट बंदच राहिली तर मूत्रपिंड न दुखता सुजतं, हळूहळू निकामी होतं. म्हणून पुन्हा सोनोग्राफी कराच.

दुर्बीण लघवीच्या वाटेनेच आत जाते, लेसरने खडा फोडतात, काप नाही. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते मिरजेत किंवा साताऱ्यात आधी विचारा. नंतर बहुधा डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत बारीक नळी ठेवतात. त्याने जळजळ होते, पण ठरल्या तारखेला तो काढायलाच हवा. विसरलेल्या नळीवर खडे चढतात.

लहान खडा, कळ आटोक्यात, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक: मी थांबण्याच्या बाजूने. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. तिथे आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात. खड्याचं नंतर बघतात.